बिनतारी जाळ्याची देखरेख : शंभर पेट्यांपासून सहा हजारांपर्यंत

धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत वायफायवरील लेख कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर सरळ आहे. एके काळी आपल्या संस्थांचे काम म्हणजे एक शाळा, एक वसतिगृह, एक दवाखाना आणि वर्षाकाठचा उत्सव एवढेच असे. पुढे अनेक ठिकाणी शाळेचे महाविद्यालय झाले, दवाखान्याचे रुग्णालय झाले, आणि आता परिचारिकेने दिलेल्या औषधाची नोंद तिच्या हातातील यंत्रावरून बिनतारी जाळ्यातून जाऊ लागली आहे. असे जाळे विकत घेताना विश्वस्त मंडळ खर्चाची कसून चर्चा करते. परंतु ते जाळे नीट चालले आहे किंवा नाही हे आपल्याला कसे कळणार, याची चर्चा सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत, आणि तोही जाळे मोठे झाल्यावर काय होते या अंगाने. संस्थेत हे काम पाहणाऱ्या तरुणांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, व मंडळातील वडीलधाऱ्यांना त्या तरुणांस योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून ठेवतो. मोठ्या जाळ्याची देखरेख म्हणजे अधिकाधिक आकडे गोळा करणे नव्हे. कोणता आकडा जागच्या जागी थांबवावा, कोणता पुढे पाठवावा, आणि जाळे वापरणाऱ्या माणसाचे काम झाले की नाही हे कसे जाणावे, या तीन गोष्टींचा विवेक म्हणजे देखरेख. हा विवेक नसेल तर देखरेखीची व्यवस्था नेमकी संकटाच्या वेळी आंधळी होते. ती तशी का होते, हे आता क्रमाने पाहू.

जाळ्याचे स्वरूप

वायफायच्या जाळ्यात छताला किंवा भिंतीला लावलेली जी पांढरी पेटी दिसते तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. पुढे आम्ही तिला नुसते पेटी म्हणू. प्रत्येक पेटीत दोन किंवा तीन रेडिओ असतात. पेटीला वीज व संदेश दोन्ही एकाच तारेने पुरवणारा स्विच असतो. अनेक पेट्यांवर हुकमत चालवणारा कंट्रोलर असतो. यांखेरीज, आलेला माणूस ओळखीचा आहे ना हे तपासणारा एक सर्व्हर, त्याच्या यंत्राला तात्पुरता क्रमांक देणारा दुसरा, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा तिसरा, अशी मंडळी पडद्याआड असतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे सर्व मिळून 'वायफाय'. यांपैकी कोणीही एक अडला तरी तो म्हणणार, "वायफाय चालत नाही."

तारेच्या जाळ्याहून हे जाळे एका बाबतीत अवघड आहे. तार तुटली की कळते. हवा बिघडली की दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या अशा तीनच वाटा, म्हणजे १, ६ व ११ क्रमांकांच्या, नेहमी वापरल्या जातात. शेजारच्या तीन-चार पेट्या एकाच वाटेवर बोलू लागल्या तर प्रत्येक पेटी धडधाकट असूनही कोणाचेच बोलणे पुरे होत नाही. म्हणून पेटीची प्रकृती आणि हवेची प्रकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा जाळ्याचा पसारा आपल्या देशात किती होऊ शकतो याचे उदाहरण रेल्वेचे आहे. रेलटेल व गूगल यांनी मिळून जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर प्रवाशांसाठी वायफाय सुरू केले. जून २०१८ मध्ये आसामातील दिब्रूगढ हे त्या योजनेतील ४०० वे स्थानक ठरले. पुढे २०२० साली गूगलने त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले, तरी रेलटेलने सेवा चालू ठेवली. मुंबईपासून दिब्रूगढपर्यंत पसरलेल्या पेट्यांकडे कोणी एक माणूस शिडी घेऊन जाऊ शकत नाही. तेथे देखरेख हीच शिडी होय.

एक अभ्यासलेले उदाहरण

मोठ्या बिनतारी जाळ्याच्या देखरेखीचा आरंभीचा एक नमुना अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ कॉलेजात आढळतो. तेथे २००१ च्या सुमारास संपूर्ण आवारभर वायफाय बसवले गेले. डेव्हिड कॉट्झ व त्यांच्या सहकाऱ्याने ११ आठवडे त्या जाळ्याची नोंद ठेवून २००२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी १६१ इमारतींत ४७६ पेट्या होत्या, आणि वापरणारे दोन हजारांच्या आतबाहेर होते. नोंदीच्या मुख्य रीती अशा होत्या : दर पाच मिनिटांनी प्रत्येक पेटीला तिचे आकडे विचारणे, कोणतेही यंत्र आले, गेले किंवा दुसऱ्या पेटीकडे सरकले की पेटीने आपण होऊन एक ओळ लिहून पाठवणे, आणि काही निवडक ठिकाणी प्रत्यक्ष रहदारी टिपणे.

या अभ्यासात एक गोष्ट अशी आढळली की, काही यंत्रे एका पेटीवर स्थिर न होता या पेटीकडून त्या पेटीकडे सारखी भटकत होती. एका उपजाळ्यातून दुसऱ्यात गेले की चाललेले काम मध्येच तुटत असे. आता विचार करावा : पेट्या जिवंत होत्या, बाइटांचे आकडेही येत होते. 'पेटी चालू आहे काय?' एवढेच विचारले असते तर उत्तर 'होय' असेच मिळाले असते. दोष दिसला तो येण्याजाण्याच्या ओळी वाचल्यामुळे.

त्याच जाळ्याचा दुसरा अभ्यास २००३-०४ च्या हंगामात १७ आठवडे झाला व २००४ साली प्रसिद्ध झाला. तोवर पेट्या ५५० हून थोड्या अधिक झाल्या होत्या, पण वापरणारे सात हजारांवर गेले होते. म्हणजे पेट्या सुमारे सहाव्या हिश्श्याने वाढल्या आणि माणसे तिपटीहून अधिक. देखरेखीचा भार केवळ पेट्यांच्या संख्येवरून मोजणारा मनुष्य येथे फसतो. भार वाढतो तो माणसांबरोबर.

विचारण्याचा खर्च

आता थोडे गणित करू. समजा, एका मोठ्या संस्थेच्या सर्व आवारांत मिळून ६,००० पेट्या आहेत. दर पेटीमागे रेडिओ, रहदारी, गोंगाट, पुन्हा पाठवावे लागलेले संदेश इत्यादी मिळून ५० आकडे घ्यायचे आहेत. एकूण आकडे झाले ३,००,०००.

आकडे विचारण्याची जुनी व अजूनही प्रचलित पद्धत म्हणजे १९८८ साली प्रमाण ठरलेली एसएनएमपी. तीत देखरेख करणारा सर्व्हर प्रश्न पाठवतो व पेटी उत्तर देते. एका पेटीची सर्व प्रश्नोत्तरे आटोपण्यास सेकंदाचा पाचवा भाग लागतो असे धरले, तर एकामागून एक विचारत जाणाऱ्या सर्व्हरला ६,००० पेट्यांची फेरी पुरी करण्यास १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील. फेरी तर दर पाच मिनिटांनी सुरू व्हायची आहे! पहिली फेरी संपण्यापूर्वीच दुसरी, तिसरी व चौथी दारात उभ्या राहतात. शंभर पेट्यांना हेच काम २० सेकंदांत होत होते, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आले नाही.

उपाय पहिला : एकाच वेळी अनेकांना विचारावे. ५० प्रश्नकर्ते एकत्र कामास लावले तर २० मिनिटांचे काम २४ सेकंदांत आटोपते. उपाय दुसरा : एका पत्रात अनेक प्रश्न घालावेत. १९९३ मध्ये आलेल्या एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी घाऊक विचारणा करण्याची सोय झाली. उपाय तिसरा : सर्वांना एकाच क्षणी विचारू नये. घड्याळात मिनिट पालटताच सहा हजार प्रश्न सुटले तर कंट्रोलर गुदमरतो, आणि पुढची ५० सेकंदे रिकामा बसतो. प्रत्येक पेटीची वेळ थोडी पुढेमागे ठेवावी.

परंतु खरी परीक्षा पुढेच आहे. समजा, एका भागातील वीज गेली आणि ६०० पेट्या मुक्या झाल्या. जिवंत पेटी सेकंदाच्या पाचव्या भागात उत्तर देते. मुकी पेटी उत्तर देत नाही, म्हणून सर्व्हर वाट पाहतो. एका प्रसिद्ध साधनात एक सेकंद थांबून आणखी पाच वेळा विचारावे अशी मूळ मांडणी आहे. म्हणजे एका मुक्या पेटीपायी सहा सेकंद गेली. ६०० पेट्यांमागे ३,६०० सेकंद, म्हणजे सबंध एक तास. ५० जण एकत्र विचारत असले तरी ७२ सेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात, आणि २४ सेकंदांची फेरी चौपट लांबते. जाळे निरोगी असताना देखरेख चपळ, आणि जाळे आजारी पडताच देखरेखही अंथरुणाला खिळलेली! मोठ्या जाळ्याची देखरेख आखताना प्रथम या एका गोष्टीचा बंदोबस्त केला पाहिजे. प्रत्येक पेटीला आधी एक हलकी हाक मारून ती जिवंत आहे का ते पाहावे, आणि मुक्या पेट्यांची रांग निराळी ठेवावी, म्हणजे त्यांच्यापायी जिवंत पेट्यांचा खोळंबा होणार नाही. पाच वेळा विचारण्याऐवजी एकदोनदा विचारून पुढे जावे. पुढच्या फेरीत पुन्हा विचारायचेच आहे.

अलीकडे उलटी रीतही रूढ झाली आहे. सर्व्हरने विचारण्याऐवजी पेटी किंवा कंट्रोलर आपण होऊन ठराविक वेळाने आकडे पाठवतो. यात प्रश्नांचा खर्च वाचतो. मात्र पेटी गप्प बसली तर ती मेली, की तिला सांगण्यासारखे काही नव्हते, हे ओळखता येत नाही. म्हणून 'मी आहे' एवढे तरी तिने नियमित सांगत राहावे, असा करार आवश्यक असतो.

मोजपट्टी उलटते तेव्हा

पेटीतील बाइट मोजणारा आकडा हा रिक्षाच्या मीटरसारखा असतो. तो सारखा वाढत जातो, आणि पट्टी संपली की शून्यावर येतो. दोन वेळच्या आकड्यांची वजाबाकी म्हणजे मधल्या काळातील रहदारी. जुने मोजणीयंत्र ३२ बिटांचे, म्हणून त्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच आकडा मावतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाने रहदारी चालली तर सुमारे ३४ सेकंदांत ही पट्टी उलटते. पाच मिनिटांनी विचारणाऱ्यास ती मध्यंतरी आठ वेळा उलटली याची गंधवार्ताही नसते. तो जी वजाबाकी करतो ती दिसायला शहाणी आणि अर्थाने खोटी असते.

६४ बिटांचे मोजणीयंत्र वापरले तर त्याच वेगाने पट्टी उलटण्यास चार हजारांहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा नव्या यंत्रात ते उपलब्ध असताना जुने विचारीत बसणे हा केवळ आळस होय. तसेच पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली की आकडा शून्यावर येतो. म्हणून 'तू केव्हापासून चालू आहेस?' हा प्रश्नही प्रत्येक वेळी सोबत विचारावा, नाहीतर वजाबाकीचा अर्थ लागत नाही.

रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद

पेट्यांचे तीन लाख आकडे झाले. त्यांत वापरणाऱ्यांची भर घालू. ४०,००० यंत्रे एका वेळी जाळ्यावर आहेत आणि प्रत्येकाचे १५ आकडे आहेत असे धरले, तर आणखी ६,००,००० झाले. एकूण ९,००,०००. दर मिनिटाला एकदा नोंद केली तर दिवसाला १२९ कोटी ६० लाख नोंदी होतात. एका नोंदीस १६ बाइट लागले तर रोज सुमारे २१ गिगाबाइट भरतात.

येथे दोन वाटा आहेत. एक वाट नोंद आकसून ठेवण्याची. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ साली आपल्या 'गोरिला' या साठवण व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. तिची युक्ती समजण्यास सोपी आहे : वेळ जर दर मिनिटाने नियमित पुढे जात असेल तर पूर्ण वेळ पुनःपुन्हा लिहू नये, नियमात पडलेला फरक तेवढा लिहावा, आणि आकडा मागच्यासारखाच असेल तर 'तोच' एवढीच खूण करावी. या रीतीने १६ बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांत बसली. आमच्या उदाहरणात तेवढीच आकसली, तर २१ गिगाबाइटांचे दोनाहूनही कमी होतील.

दुसरी वाट आपल्या हिशेबनिसांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार लिहिला जातो. खतावणीत तो खात्यावार जमतो. ताळेबंदात वर्षाचे सार येते. दहा वर्षांपूर्वीच्या चहाच्या खर्चाची पावती ताळेबंदात कोणी शोधीत नाही. टोबिआस ओटिकर यांनी १९९९ साली आणलेले आरआरडीटूल याच तत्त्वावर चालते. अलीकडच्या काळाच्या नोंदी बारीक, जुन्या काळाच्या जाड, आणि वहीची पाने आरंभीच ठरलेली. पाने संपली की सर्वांत जुन्यावर नवे लिहायचे. वही कधी फुगत नाही. मोठ्या जाळ्यासाठी आम्ही असे सुचवू : मिनिटाची नोंद दोन आठवडे, तासाची नोंद सहा महिने, दिवसाची नोंद पाच वर्षे. मुदती संस्थेच्या गरजेनुसार बदलाव्यात, पण त्या ठरवाव्यात अवश्य. न ठरवणे म्हणजे चकती भरेल त्या दिवशी यंत्राला ठरवू देणे.

मात्र सार काढताना एक पथ्य आहे. तासाचे सार म्हणून नुसती सरासरी ठेवू नये. त्या तासातील सर्वाधिक, सर्वांत कमी व एकूण संख्या याही ठेवाव्यात. दहा वाजता वर्ग भरतो तेव्हा दोन मिनिटे जाळे कोलमडते. तासाच्या सरासरीत ती दोन मिनिटे विरघळून जातात, आणि तक्रार करणारे प्राध्यापक उगीच खोटे ठरतात.

गावची खबर आणि हुजुराची खबर

जुन्या गावगाड्यात रात्री वेशीतून कोण आले-गेले ते जागल्या पाही. तो सांगे पाटलाला. पाटील त्यातले महत्त्वाचे तेवढे तालुक्याला कळवी. प्रत्येक वाटसरूची वार्ता हुजुरापर्यंत गेली असती तर राज्यकारभार त्याच दिवशी थांबला असता. मोठ्या जाळ्याची मांडणी अशीच हवी. प्रत्येक आवारात आकडे गोळा करणारा एक स्थानिक सर्व्हर ठेवावा. त्याने आपल्या पेट्यांना विचारावे, बारीक नोंद आपल्यापाशी ठेवावी, आणि मुख्य कार्यालयाकडे सार पाठवावे. मधली तार तुटली तर त्याने नोंदी पेवात धान्य ठेवावे तशा सांभाळून ठेवाव्यात, आणि तार जुळल्यावर पाठवाव्यात. यामुळे एका आवाराचा बिघाड दुसऱ्याच्या देखरेखीस बाधत नाही.

याच ठिकाणी ओळखीच्या खुणांचा प्रश्न येतो. प्रत्येक आकड्याला 'कोणती इमारत, कोणता मजला, कोणती पेटी' अशा चिठ्ठ्या लावाव्या लागतात. या चिठ्ठ्या मोजक्या असतात. पण कोणी उत्साहाने 'कोणाचे यंत्र' हीही चिठ्ठी लावली की प्रत्येक यंत्राबरोबर नवे खाते उघडले जाते. यंत्राची ओळख म्हणजे त्याचा मॅक पत्ता, आणि तो आता स्थिर राहिलेला नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून व २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता देऊ लागले. त्यामुळे माणसे तितकीच राहूनही खाती वाढत जातात आणि साठवणीचा सर्व्हर स्मृतीअभावी मान टाकतो. म्हणून कायमच्या आकडेवारीत व्यक्तीची चिठ्ठी नसावी. एखाद्याची तक्रार सोडवण्यासाठी जी नोंद लागते ती निराळ्या वहीत, थोडे दिवस ठेवावी.

ही केवळ साठवणीची काटकसर नव्हे. कोणते यंत्र कोणत्या पेटीजवळ केव्हा होते, ही नोंद म्हणजे तो माणूस कोठे होता याची नोंद. वसतिगृहातील मुलगी रात्री कोणत्या खोलीत होती हे जाळ्याच्या वहीत सापडत असेल, तर त्या वहीची किल्ली कोणाकडे आहे हे मंडळाने विचारलेच पाहिजे. संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम मंजूर केला. माहिती ज्या प्रयोजनासाठी घेतली त्यापुरतीच वापरावी आणि प्रयोजन संपल्यावर काढून टाकावी, हे त्याचे सूत्र आहे. कायदा नसता तरी पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या मुलांबाबत आपण हेच करणे उचित होते. जाळ्यावर देखरेख करावी. माणसांवर पाळत ठेवू नये.

टक्केवारीची फसवणूक

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. बाह्यरुग्ण विभागात एका तासात जाळ्याला जोडण्याचे १,००० प्रयत्न झाले, त्यांतील १० फसले. म्हणजे एक टक्का. अतिदक्षता विभागात १० प्रयत्न झाले, त्यांतील ५ फसले. म्हणजे पन्नास टक्के. दोन्ही टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर २५.५ टक्के येते, आणि ती कोठेच खरी नाही. सगळे प्रयत्न एकत्र केले तर १,०१० पैकी १५, म्हणजे दीड टक्का. हा आकडा खरा आहे, पण तो वाचून मुख्य कार्यालयातील मनुष्य समाधानाने चहा पिईल, आणि अतिदक्षता विभागातील परिचारिकेची निम्मी कामे अडलेली असतील.

यातून दोन नियम निघतात. पहिला : वर पाठवताना टक्केवारी पाठवू नये, मूळ संख्या पाठवाव्यात, म्हणजे बेरीज योग्य होईल. दुसरा : महत्त्वाच्या जागा स्वतंत्र मोजाव्यात, त्यांना गर्दीत मिसळू देऊ नये. कोणती जागा महत्त्वाची हे यंत्र सांगू शकत नाही. ते डॉक्टर, मेट्रन व मुख्याध्यापक यांना विचारून ठरवावे लागते.

आणि मोजायचे काय? तर माणूस जोडला जाताना ज्या पायऱ्या चढतो त्या. पेटीने त्याचे यंत्र स्वीकारले काय? ओळख पटली काय? क्रमांक मिळाला काय? नावावरून पत्ता सापडला काय? प्रत्येक पायरीचे यश आणि लागलेला वेळ मोजला की दोष कोठे आहे ते आपोआप उमगते. सर्व पेट्यांवर दुसरी पायरी एकदम अडली तर दोष पेट्यांत नसून बहुधा ओळख तपासणाऱ्या सर्व्हरात किंवा त्याच्या वाटेत आहे. मोक्याच्या जागी एखादे लहानसे यंत्र ठेवून त्याच्याकडून दर काही मिनिटांनी या सर्व पायऱ्या चढवून घ्याव्यात. पेटीला 'कशी आहेस?' असे विचारण्यापेक्षा पाहुणा बनून तिच्या दारात जाऊन पाहणे अधिक खरे.

घंटा केव्हा वाजवावी

एका स्विचवर ४० पेट्या असतात. तो स्विच बंद पडला तर ४० पेट्यांच्या ४० घंटा वाजतात, आणि स्विचची एक घंटा त्या कोलाहलात बुडते. म्हणून कोणती पेटी कोणत्या स्विचवर आहे याचा नकाशा देखरेखीला दिला पाहिजे. वरचा तुटला तर खालच्यांनी गप्प बसावे. हा नकाशा जुना राहिला तर सारी युक्ती फुकट जाते. पेटी हलवताना नकाशा बदलणे हा कामाचाच भाग समजावा.

दुसरे पथ्य असे की, ज्या घंटेवर कोणी काही करायचे नाही ती घंटा नसावी. रोज शंभर निरर्थक संदेश येऊ लागले की माणूस फोन उलटा करून ठेवतो, आणि एकशेएकावा खरा संदेश वाया जातो. प्रत्येक घंटेसोबत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : कोणाचे काम अडले, कोणी जायचे, आणि प्रथम काय पाहायचे. हे लिहिता येत नसेल तर ती गोष्ट सकाळच्या अहवालात ठेवावी, रात्री कोणास उठवू नये.

पहारेकऱ्यावर पहारा

शेवटी, देखरेख करणाऱ्या सर्व्हरवर देखरेख कोणाची? तो बंद पडला तर फलक हिरवाच राहतो किंवा जुने आकडे दाखवत राहतो, आणि शांतता म्हणजे आरोग्य असा भ्रम होतो. यासाठी त्याने दर मिनिटाला बाहेरच्या एका निराळ्या ठिकाणी हजेरी लावावी. हजेरी चुकली की त्या ठिकाणाने, जाळ्यावर अवलंबून नसलेल्या वाटेने, म्हणजे साध्या मोबाईल संदेशाने, माणसास कळवावे. फलकावर प्रत्येक आकड्याशेजारी तो किती वेळापूर्वीचा आहे हेही दिसावे. शिळा आकडा ताज्याच्या वेषात उभा राहणे हे आकडा नसण्यापेक्षा वाईट.

वर्षातून दोनदा ठरवून एखाद्या भागाच्या पेट्या बंद करून पाहाव्यात, आणि घंटा किती मिनिटांनी, किती संख्येने व कोणाकडे वाजली ते लिहून ठेवावे. आग विझवण्याची कवायत आपण शाळेत घेतो, तशीच ही. ती रुग्णालयात घेताना अर्थात संबंधित विभागास आधी कळवून, रुग्णसेवेस बाध येणार नाही अशा वेळी घ्यावी.

समारोप

ज्या संस्थांपाशी आज शंभरच पेट्या आहेत त्यांनी सहा हजारांची यंत्रणा विकत घेण्याची मुळीच गरज नाही. परंतु काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घेता येतात, आणि त्यांस पैसा फारसा लागत नाही. पेट्यांचा नकाशा अद्ययावत ठेवावा. नोंदींच्या मुदती मंडळाच्या ठरावाने ठरवाव्यात. महत्त्वाच्या जागांची यादी वापरणाऱ्यांना विचारून करावी. व्यक्तीची नोंद थोडे दिवस आणि मोजक्याच हातांत ठेवावी. आणि दरमहा विश्वस्तांपुढे जो अहवाल येतो त्यात 'किती पेट्या चालू' या ओळीच्या वर 'किती जणांचे काम पहिल्या प्रयत्नात झाले' ही ओळ असावी.

जाळे वाढत जाईल तसे आकडे वाढतील. ते थोपवणे कोणाच्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच की, आकड्यांच्या त्या गर्दीत रात्रपाळीची परिचारिका आणि परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी हरवू नयेत. संस्था उभी राहिली ती त्यांच्यासाठी. जाळे बसवले ते त्यांच्यासाठी. तेव्हा देखरेखीचा पहिला प्रश्नही त्यांच्याचविषयी असावा.